ओळंबा आणि करार

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात गवंडीकाम बापाकडून नाहीतर मिस्त्रीच्या हाताखाली शिकले जाते. त्याचा दाखला कोणी देत नाही. मग अशा कारागिरांना परदेशात काम कसे मिळाले?

1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत मोठी बांधकामे निघाली. भरतीसाठी मुंबईत ‘ट्रेड टेस्ट’ होई. भिंत रचायची, ओळंब्यात उतरली की निवड. प्रमाणपत्रापेक्षा हात मोठा ठरला. पण तिथे पोहोचल्यावर पासपोर्ट काढून घेणे, ठरल्यापेक्षा कमी पगार देणे, असेही घडे. या फसवणुकीला आळा घालण्यासाठी 1983 चा उत्प्रवासन कायदा आला. आजही दहावी न झालेल्या कामगाराला आखातासह 18 देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते.

2024 मध्ये पुण्यात इस्रायलसाठी निवड झाली, तीही प्लास्टर, फरशी, सळई, सेंट्रिंगचे काम करून दाखवूनच.

मंजुरीचा हेलपाटा टाळून पर्यटक व्हिसावर जाणारा मात्र परक्या मुलखात उघडा पडतो. आम्ही पदविका घेतलेली माणसे. भिंत मिस्त्रीच उभी करतो. निदान त्याच्या मुलाला जाण्यापूर्वी करार वाचून दाखवू या. बाप्पासमोर एवढा संकल्प पुरे.