दोन टेराबाइटची वेस

लिनक्स सर्व्हरवरचा डिस्क-ॲरे वाढवताना पार्टिशन दोन टेराबाइटपाशी अडते, त्याचे मूळ १९८३ सालात आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आला. त्याच्या डॉस २.० मध्ये डिस्कचे भाग पाडण्याची सोय होती. भागांची नोंद डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, मास्टर बूट रेकॉर्डमध्ये, राहत असे. ५१२ बाइटांच्या या सेक्टरमध्ये चार पार्टिशनांना प्रत्येकी १६ बाइट मिळाले. त्यांतले चार बाइट भाग कुठून सुरू होतो हे सांगण्यासाठी, चार त्याची लांबी सांगण्यासाठी. चार बाइट म्हणजे ३२ बिट. त्यांत सुमारे ४२९ कोटी सेक्टर मोजता येतात. ५१२ बाइटांच्या सेक्टरने हिशेब केला की मर्यादा निघते २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट. तेव्हाच्या डिस्कपेक्षा ही दोन लाखांहून अधिक पट होती. त्या काळाच्या मानाने ही तरतूद उदारच म्हटली पाहिजे.

पुढची वीस वर्षे अडचणी वेगळ्याच ठिकाणी आल्या. डॉसचे ३२ मेगाबाइट, बायॉसचे ५२८ मेगाबाइट आणि नंतर ८.४ गिगाबाइट, एटीए जोडणीचे १३७ गिगाबाइट अशा एकेक मर्यादा ओलांडल्या गेल्या. दोन टेराबाइटची वेस मात्र सुट्या डिस्कने गाठण्याआधी ॲरेने गाठली. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडची कल्पना मांडली होती: स्वस्त डिस्क जोडून एक मोठी, बिघाड सोसणारी डिस्क उभी करायची. रेड कंट्रोलर हा सगळा साठा कर्नलला एकच डिस्क म्हणून दाखवी. २००० नंतरच्या दशकात अशी डिस्क दोन टेराबाइट सहज ओलांडू लागली आणि जुनी पार्टिशन नोंद तोकडी पडली.

कर्नलही मागे होता. लिनक्स २.४ मध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचाच होता. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ ने ६४ बिटांची वाट मोकळी केली. पार्टिशनच्या बाजूने उपाय इंटेलकडे तयार होता. इटॅनियम प्रोसेसरसाठी आखलेल्या ईएफआय या फर्मवेअरमध्ये जीपीटी ही नवी नोंदपद्धत होती: ६४ बिटांचे पत्ते, साधारणपणे १२८ पार्टिशनांची जागा आणि साऱ्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी. लिनक्सवर पार्टेड हे साधन जीपीटी जाणत होते, पण बहुतेकांच्या हातात बसलेल्या एफडिस्कला ती २०१३ पर्यंत येत नव्हती. त्यामुळे मोठ्या ॲरेवरही सवयीने जुनाच तक्ता लिहिला जाई.

शेवटच्या प्रतीमुळे ॲरे वाढवताना एक नवी भानगड होते. नव्या डिस्क घातल्यावर साठ्याचा शेवट पुढे सरकतो, प्रत मात्र जुन्याच जागी राहते. जमीन वाढली तरी सातबाऱ्यावर जुनेच क्षेत्र राहावे, तशी ही गत. पार्टेड ही विसंगती ओळखून दुरुस्तीची परवानगी मागते. ती दिल्याशिवाय वाढीव जागा पार्टिशनला मिळत नाही.

२०१० मध्ये तीन टेराबाइटच्या डिस्क बाजारात आल्या आणि हा प्रश्न घरगुती संगणकापर्यंत पोहोचला. काही जुन्या ड्रायव्हरांत ३२ बिटांचा आकडा भरून पुन्हा शून्यापासून सुरू होई आणि डिस्क जेमतेम ८०१ गिगाबाइटची दिसे. तीन टेराबाइटमधून वर दिलेली मर्यादा वजा केली की नेमके एवढेच उरते. निदानासाठी यासारखी खूण दुसरी नाही: डिस्क खराब नाही, कुठेतरी आकड्याचे घर अपुरे आहे.

कंट्रोलरऐवजी कर्नलच चालवणाऱ्या सॉफ्टवेअर रेडमध्ये हे घर सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे ॲरेची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत, होते. लिनक्सच्या एमडी या रेड ड्रायव्हरची जुनी ०.९० नोंद एका ॲरेत २८ डिस्क आणि प्रत्येक डिस्कची दोन टेराबाइट जागा एवढ्यावरच थांबे. नील ब्राउन यांच्या एमडीॲडम या साधनाने पुढे १.२ ही आवृत्ती मूळ पसंती केली. पण आधी उभारलेले ॲरे जुन्या नोंदीवरच राहिले. त्यांतल्या डिस्क एकेक करून बदलल्या आणि जीपीटीही केली, तरी ॲरे फुगत नसे. म्हणून अनुभवी प्रशासक डिस्क, पार्टिशन, ॲरे आणि फाइल सिस्टिम यांचे आकार खालून वर ताडून पाहतात; ज्या पायरीवर आकडा पहिल्यांदा घटतो, तिथे दोष असतो.

सगळ्यात वरची पायरी फाइल सिस्टिमची. लिनक्सच्या एक्सटी३ ला ४ किलोबाइटच्या ब्लॉकवर १६ टेराबाइटची सीमा होती, कारण ब्लॉकचा क्रमांकही ३२ बिटांचा. एक्सटी४ २००८ मध्ये स्थिर झाली, तिच्या रचनेत ४८ बिट होते, पण १६ टेराबाइटपलीकडची फाइल सिस्टिम बनवणारी साधने २०११ मध्ये आली. त्याआधी बनलेल्या फाइल सिस्टिमला ॲरे वाढूनही ती सीमा ओलांडता येत नसे. डेटा दुसरीकडे हलवून नव्याने उभारणी करावी लागे. २०१६ पासून रिसाइझटूएफएस हे साधन जुनी फाइल सिस्टिम ६४ बिटांवर नेऊ शकते. मात्र त्यासाठी ती आधी अनमाउंट करावी लागते.