ससाण्याविरुद्धची तक्रार

आग्रा, दिल्ली, लखनौ, हैदराबाद अशा शहरांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी हे दृश्य नक्की पाहिलं असणार. संध्याकाळची वेळ आहे. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी शिट्टी घालतंय, हातातलं फडकं फिरवतंय आणि वर कबुतरांचा थवा गोल गोल फिरतोय. मग एखाद्या दिवशी तो थवा अचानक फुटतो, कबुतरं चारी दिशांना पांगतात. वरून बहिरी ससाणा आलेला असतो. थोड्या वेळानं पाखरं एकेक करून ढाबळीत परततात, मोजली की एक कमी भरतं.

कबुतर पाळणाऱ्याचा पेच इथंच आहे. पाखरू कोंडून ठेवलं तर जिवंत राहील, पण उडणार नाही. मोकळं सोडलं तर उडेल, पण परत येईलच याची हमी नाही. या पेचापायी एका सरकारनं शेकडो ससाणे मारले, आणि पुढं त्याच पेचातून कोणी शोधायला न निघालेलं एक सत्य हाती लागलं. आजची गोष्ट त्याची आहे.

आधी एक समजून घेऊ. शर्यतीचं कबुतर कोंडून का ठेवता येत नाही? कारण त्याची सगळी किंमत घरी परतण्यात आहे. त्याला दूर नेऊन सोडायचं आणि त्यानं आपली ढाबळ शोधत यायचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी पिल्लू असल्यापासून घराभोवती रोज उडवावं लागतं, मग दोन कोस, पाच कोस, असं अंतर वाढवत न्यावं लागतं. पिंजऱ्यात बसून ना छातीत ताकद येते, ना वाट कळते.

आपल्याकडं हा शौक किती जुना आहे, ते 'ऐन-ए-अकबरी'त दिसतं. अबुल फज्लनं अकबराच्या कबुतरांचा आकडा वीस हजारांच्या वर दिला आहे, त्यातली पाचशे खास. बादशहा या खेळाला 'इश्कबाजी' म्हणत असे. मुक्काम हलला की पाखरंही सोबत हलत. आणि याच दरबारात शिकारी ससाणेही पाळले जात. दोन्ही पक्ष्यांची निगा एकाच खजिन्यातून व्हायची!

कबुतर हा खेळ न राहता जीवनमरणाचा प्रश्न झाला, तो वेढ्यांत आणि युद्धांत. १८७० च्या सप्टेंबरात जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला. रस्ते बंद, तारा तुटलेल्या. मग पॅरिसची कबुतरं फुग्यांतून बाहेर पाठवली गेली आणि निरोप घेऊन ती परत शहरात येऊ लागली. निरोप सूक्ष्म छायाचित्रणानं फिल्मच्या पातळ तुकड्यावर उतरवत आणि तो तुकडा नळीत घालून शेपटीच्या पिसाला बांधत. पण कडाक्याची थंडी, सैनिकांच्या बंदुका आणि शिकारी पक्षी या तिन्हींतून वाचून पोहोचणारी पाखरं फार थोडी होती. पॅरिसकरांनी यावर काय केलं? तोच निरोप पुन:पुन्हा, वेगवेगळ्या पाखरांबरोबर पाठवला. काही पाखरं जाणार, हे त्यांनी हिशेबातच धरलं होतं.

आता येऊ दुसऱ्या महायुद्धाकडे. ब्रिटनमध्ये शौकिनांनी आपली कबुतरं देशासाठी दिली. युद्धभरात सुमारे दोन लाख कबुतरं कामाला लागली. बॉम्बर विमानांत वैमानिकांसोबत कबुतरांचा डबा असे. फेब्रुवारी १९४२ मध्ये नॉर्वेकडून परतणारं असंच एक विमान उत्तर समुद्रात कोसळलं. चौघे वैमानिक थंड पाण्यात एका छोट्या होडीत अडकले. ते नेमके कुठं आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्याजवळची कबुतराची मादी सुटली. तेलानं माखलेल्या पंखांनी ती सुमारे १९० किलोमीटर उडाली आणि स्कॉटलंडमध्ये डंडी शहराजवळच्या आपल्या घरी पोहोचली. विमान पडल्याची वेळ, ती पोहोचल्याची वेळ, वाऱ्याची दिशा असा हिशेब मांडून शोधाची जागा ठरली आणि चौघे वाचले. तिचं नाव विंकी. १९४३ च्या डिसेंबरात प्राण्यांसाठीचं डिकिन पदक पहिल्यांदा दिलं गेलं, त्या पहिल्या मानकऱ्यांत ती होती.

आता विचार करा, विंकीला वाटेत ससाण्यानं गाठलं असतं तर? ब्रिटिश सरकारलाही हीच भीती होती. बहिरी ससाणा सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढं जातो. त्यापुढं कबुतर काय करणार? म्हणून १९४० मध्ये बहिरी ससाणे नष्ट करण्याचा हुकूम निघाला. समुद्रकाठच्या कड्यांवरची घरटी मोडली, अंडी फोडली, सुमारे सहाशे ससाणे मारले गेले. गंमत बघा, शत्रूची हेर-कबुतरं पकडायला ब्रिटिश गुप्तहेर खात्यानं त्याच काळात पाळीव ससाणे वापरून पाहिले.

माणसं मरत होती, त्या काळात हा हुकूम कठोर असला तरी समजण्यासारखा होता. युद्ध संपलं, हुकूमही संपला. १९५४ च्या कायद्यानं ससाण्याला संरक्षण मिळालं. इकडं भारतात लष्करानं आपली काही कबुतरं १९४६ मध्ये ओडिशा पोलिसांना दिली. कोरापुटच्या डोंगराळ भागात प्रयोग सुरू झाला. १९४८ मध्ये पंडित नेहरू संबळपूरला असताना सभेच्या व्यवस्थेबद्दलचा त्यांचा निरोप कटकला कबुतरानंच पोहोचवला. १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा आणि टेलिफोन कोलमडले, तेव्हाही ही पाखरं उडाली.

पण आपली गोष्ट ब्रिटनमध्येच पुढं सरकते. १९६० च्या सुमारास शर्यतीच्या कबुतरांचे शौकीन सरकारकडं गेले. तक्रार अशी, की ससाणे फार वाढले आहेत, आमची कबुतरं खातात, त्यांचं संरक्षण काढून घ्या. तक्रार खोटी म्हणावी, तर ढाबळीतल्या रिकाम्या जागा खऱ्या होत्या. ज्याचं वर्षभर जपलेलं पाखरू परत आलं नाही, त्याचं दु:ख खरंच असतं.

सरकारनं एक शहाणपणाची गोष्ट केली. हुकूम काढण्याआधी मोजणी करायला सांगितलं. डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली १९६१ आणि १९६२ मध्ये देशभरातले कडे तपासले गेले. निष्कर्ष सगळ्यांनाच धक्का देणारा होता. ससाणे वाढले नव्हते, झपाट्यानं संपत चालले होते. १९६३ पर्यंत युद्धापूर्वीच्या निम्म्याहून कमी जागी ससाणे उरले होते. जिथं होते, तिथंही बऱ्याच घरट्यांत पिल्लं नव्हती, फुटकी अंडी होती.

असं का? शेतकरी पेरणीच्या बियाण्याला कीटकनाशक चोळत होते. ते दाणे कबुतरं आणि इतर पाखरं टिपत. त्या पाखरांना ससाणे खात, आणि विष ससाण्याच्या अंगात साठत जाई. डिल्ड्रिनसारख्या विषांनी मोठे पक्षी मरत. डीडीटीमुळं अंड्याचं कवच पातळ होई आणि उबवायला बसलेल्या आईच्या वजनानंच अंडं फुटे. रॅटक्लिफनं संग्रहांतली जुनी अंडी मोजून १९६७ मध्ये दाखवून दिलं की १९४७ च्या सुमारास कवच एकाएकी पातळ झालं होतं. डीडीटीचा वापर सुरू झाला तो हाच काळ. ससाणा आरोपी म्हणून उभा केला होता, तो निघाला साक्षीदार. आणि विष शोधून काढायला कारण कोण ठरले? ससाण्याला शिक्षा मागायला गेलेले कबुतरबाज!

पुढं त्या विषांवर टप्प्याटप्प्यानं बंधनं आली आणि ससाणे परतले. २०१४ च्या गणनेत ब्रिटनमध्ये १,७६९ जोड्या भरल्या.

मग कबुतरांचं काय? ससाणा निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. तो कबुतरं मारतो, तेच त्याचं अन्न आहे. पण हरवलेल्या प्रत्येक पाखराचा हिशेब त्याच्या नावावर लिहिणं चूक आहे. वाट चुकणं, दमून उतरणं, तारांना आणि इमारतींना धडकणं, बंदूक, मांजर, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. ससाणा डोळ्यांना दिसतो, म्हणून दोष त्याच्यावर जातो.

जुने शौकीन पाखरू जपतात ते वेगळ्या रीतीनं. रोज ठरल्या वेळी थवा सोडत नाहीत, कारण शिकारी पक्षीही वेळ ओळखतो. सोडण्याआधी पोटभर दाणा घालत नाहीत, म्हणजे हाक मारताच पाखरं उतरतात. एकटं पाखरू सोडत नाहीत, एकत्र वळणारा थवा गाठणं ससाण्यालाही जड जातं. परिसरात ससाणा फिरताना दिसला तर चार दिवस ढाबळ बंद ठेवतात. हिवाळ्यात उत्तरेकडून पाहुणे ससाणे भारतात येतात, तेव्हा जास्त सांभाळतात. चीनमध्ये तर कबुतराच्या शेपटीला बांबूची आणि भोपळ्याची हलकी शिट्टी बांधतात. तिच्या आवाजानं शिकारी पक्षी बिचकतो, असा तिथला जुना समज.

यातला एकही उपाय पुरता खात्रीचा नाही. पण ससाणा मारणं हा उपायच नाही. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बहिरी ससाण्याला सर्वोच्च संरक्षण दिलं आहे, त्याला मारणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या कड्यांवरची फुटकी अंडी आठवा. जे विष ससाण्यापर्यंत पोहोचलं, ते आधी दाणे टिपणाऱ्या पाखरांच्या पोटातूनच गेलं होतं. वरचा ससाणा नाहीसा होऊ लागला, तर खालच्या दाण्यात काहीतरी बिघडलेलं असू शकतं. तोच दाणा आपल्या ताटातही येतो.

तेव्हा पुढच्या वेळी गच्चीवरचा थवा फुटताना दिसला, तर हळहळ जरूर वाटू द्या. फक्त मान वर करून त्या ससाण्याकडंही एकदा बघा. तो अजून तिथं आहे, ही वाईट बातमी नाही.