एका डॉलरची सूचना

‘द कास्टअवे’ ही हॅली अर्मिनी राइव्ह्ज यांची कादंबरी आज वाङ्मयीन कारणासाठी कोणी उघडत असेल असे आम्हांस वाटत नाही. मात्र १९०४ साली बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने तिच्या प्रतींत छापलेली सूचना कायद्याच्या इतिहासात टिकून राहिली. पुस्तकाची किंमत एक डॉलर. त्याहून कमी दराने विकणे हा स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल, असा तिचा आशय. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने तरीही ते ८९ सेंटांना विकले. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने कौल दिला: प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या किमतीवर प्रकाशकाचा अधिकार उरत नाही. मालकीचे हे तत्त्व असे अकरा सेंटांच्या भांडणातून ठाम झाले.

व्हिडिओ गेमही दीर्घकाळ याच तत्त्वाच्या छायेत विकले गेले. आपल्याकडे मुले जिला ‘कॅसेट’ म्हणत ती वस्तू उसनी देता येई, विकता येई. पुढे २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम ही सेवा सुरू केली, आणि २००४ च्या ‘हाफ-लाइफ २’ पासून दुकानातून आणलेली तबकडीही खात्याशी बांधली गेली. खाते विकता येत नाही. म्हणून खेळही विकता येत नाही.

किमतीचा आकडा या काळात फारसा हलला नाही, हे लक्षणीय आहे. अमेरिकेत मोठ्या खेळाची किंमत २००५ च्या सुमारास ६० डॉलर झाली आणि २०२० मध्ये ७०. महागाई धरता खेळ स्वस्तच झाले, असा उद्योगाचा युक्तिवाद असतो. तो खोटा नाही. पण खेळून झाल्यावर तो विकून जे पैसे परत मिळत, ते या हिशेबात धरलेले नसतात. स्टीमवरील सवलती घसघशीत असतात, हेही खरे. परंतु मेसीजने प्रत स्वस्तात विकली ती मालक या नात्याने. येथे स्वस्ताई केव्हा व किती, हे प्रकाशक आणि दुकान ठरवतात. १९०४ ची ती सूचना जणू पुन्हा लागू झाली आहे.

युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला. त्याचे सर्व्हर थांबले, आणि घरातल्या तबकड्याही निरुपयोगी ठरल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला: ग्राहकास केवळ परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याविना विक्रेत्याने ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये. शब्दांशी ज्यांचा रोजचा व्यवहार, त्यांना हे समाधानाचे वाटेल. प्रत मात्र त्याने परत मिळत नाही. जो खेळ कायमचा उतरवून घेता येतो व जालाशी न जोडता चालतो, त्याला हा कायदा लागू नाही. गॉग हे दुकान २००८ पासून असेच खेळ विकत आले आहे. तेथेही करार परवान्याचाच असतो, फक्त उतरवलेली फाइल ग्राहकापाशी राहते.