'जामीन' : एका शब्दाचे अर्थांतर

किरकोळ अपराध्यास तुरुंगात न धाडता सुधारू पाहणाऱ्या प्रथेचा इतिहास सामान्यतः कायद्याच्या कलमांवरून लिहिला जातो. प्रस्तुत टिपणात तो एका शब्दाच्या आधाराने पाहावयाचा आहे. 'जामीन मिळाला' असे आपण म्हणतो तेव्हा जामीन म्हणजे सुटकेचा हुकूम. मोल्सवर्थच्या कोशात मात्र जामीन हा माणूस आहे. त्याने लिहून द्यावयाचा कागद तो जामीनकतबा. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचे पोटभेदही मराठीत रूढ होते. पैशाची हमी घेणारा मालजामीन, हजर करण्याची हमी घेणारा हाजीरजामीन आणि दुसऱ्याच्या वर्तणुकीची हमी घेणारा फैलजामीन. ('फैल' म्हणजे मुळात नुसते कृत्य, ते वाईटच असणार, हे आपल्या भाषेने मागाहून ठरविले.)

या फैलजामिनाचे उत्तम उदाहरण मराठी मुलखाच्या फार बाहेर, अमेरिकेतील बोस्टन शहरात सापडते. १८४१ च्या ऑगस्टमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा जोडे बनविणारा कारागीर तेथील पोलीस कोर्टात, दारूबाजीच्या आरोपावरून आणलेल्या एका इसमास जामीन राहिला. त्या इसमाने दारू सोडण्याची शपथ घेतली. तीन आठवड्यांनी तो न्यायाधीशापुढे पुन्हा उभा राहिला, तेव्हा ओळखूही येईना. दंड झाला एक सेंट, अधिक कोर्टखर्च. १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑगस्टस सुमारे १,९०० जणांना असा जामीन राहिला. कोर्टाच्या अंमलदारांस हे रुचले नाही. कोठडीत धाडलेल्या माणसामागे त्यांना फी मिळत असे! १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून बोस्टनमध्ये हे काम पगारी अधिकाऱ्याकडे सोपविले.

आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ५६२ वे कलम आले. पहिल्याच अपराधास शिक्षा न ठोठावता मुचलक्यावर सोडण्याची मुभा त्यात होती. परंतु जामीनदार घ्यावा वा न घ्यावा, आणि देखरेखीस कोणीच नाही. म्हणजे कतबा राहिला, फैलजामीन गेला. त्याची जागा भरण्याचा प्रयत्न मुंबई प्रांताने १९३८ च्या कायद्याने केला व पुढे संसदेने १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने. 'परिवीक्षा' हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष आहे. पण त्यात पाहणे आहे, हमी घेणे नाही. दोष आधी शाबीत व्हावा, मगच सवलत, हा क्रमही कायम राहिला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीस, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे; तेथेही हाच क्रम आहे.

१९५८ च्या अधिनियमाचे चौथे कलम परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल 'असल्यास' विचारात घ्या, असे म्हणते. या एका 'असल्यास'चा आधार घेऊन तो अहवाल मागविलाच नाही तरी चालेल, असा अर्थ लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयास २००५ साली सांगावे लागले.