घळ बुजली, गावे आतच

2025, पावसाळ्याआधी. नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातल्या गोणेगावजवळ लेंडी धरणाची घळभरणी होते. मातीचे धरण बांधताना नदीला वाट म्हणून मधला भाग शेवटपर्यंत मोकळा ठेवतात, तीच घळ. ती बुजली की नदी अडते आणि पाणी मागे पसरू लागते. महाराष्ट्र आणि तेलंगणाचा हा संयुक्त प्रकल्प 1980च्या दशकापासून रेंगाळलेला. बुडीत क्षेत्रातले लोक एकच मागत होते: आधी पुनर्वसन, मग घळभरणी. घळ बुजली. हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेलीत चुली पेटतच होत्या.

माझ्या लेखी त्या रात्रीचे घड्याळ इथूनच सुरू होते.

रविवार, 17 ऑगस्ट. लेंडीच्या पाणलोटात पाऊस. वरच्या अंगाला लातूर जिल्ह्यातल्या उदगीरकडून आणि सीमेपलीकडे कर्नाटकातूनही पाणी निघालेले. पाण्याला जिल्ह्याची हद्द नसते, निरोपाला असते. नांदेड, लातूर आणि बिदर अशा तीन जिल्हाधिकाऱ्यांच्या कारभारातून हे पाणी एका धरणाकडे येत होते.

सायंकाळी पावणेसात. सूर्यास्ताची वेळ. पुढे सव्वाअकरा तास अंधार. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार, शुक्रवारी पोळा. गाव सोडायचे तर उजेडातली ही शेवटची वेळ होती. लोक आपापल्या घरांत राहिले.

रात्र. पाणलोट क्षेत्रात दिवसभराचा पाऊस सुमारे 206 मिलिमीटरवर जातो. म्हणजे एकरी सव्वाआठ लाख लिटर. एप्रिल 2016मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. आता त्याहून जास्त पाणी एकेका एकरावर पडत होते, आणि ते पुढे सरकायची वाट बुजलेली होती.

पहाटेआधी. गाव झोपेत असताना पाणी घरांत शिरते. नदीचा पूर येतो आणि वाहून जातो. फुगवट्याचे पाणी तसे नसते. ते खालून वर चढत राहते, आणि अंधारात ते किती चढले हे उंबऱ्यावर, मग खाटेवर, मग भिंतीवरच कळते. धरण फुटलेले नाही. ते शाबूत आहे, पाणी अडवते आहे. त्यासाठीच ते बांधले होते.

सोमवार, 18 ऑगस्ट, सकाळी सहा. उजाडते. रावणगावात 225 माणसे पाण्यात अडकली आहेत. भिंगेलीत 40, भासवाडीत 20.

बचावपथकांपुढचा पहिला प्रश्न साधा आणि भयंकर असतो: आधी कोण? रावणगावात सर्वांत बिकट जागी अडकलेल्यांना आधी काढायचे ठरते. म्हणजे उरलेल्यांना थांबायला सांगायचे. पाण्याच्या मधोमध, लेकराबाळांसकट, वर पाऊस असताना. भिंगेली आणि भासवाडीची माणसे अडकलेली असली तरी सुरक्षित आहेत, असा निरोप मिळतो. त्या दिवशी ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ एवढाच होता की पाणी अजून त्यांच्यापर्यंत चढलेले नाही.

सकाळी साडेआठ. पर्जन्यमापकातले चोवीस तासांचे पाणी मोजण्याची ठरलेली वेळ. पावसाचा आकडा कागदावर चढतो तो असा, पाऊस पडून गेल्यावर.

सोमवार, दिवसा. एनडीआरएफचे एक पथक, लष्कराचे एक पथक आणि पोलीस मिळून कामाला लागलेले. छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडी निघते. रस्ता तीनशे किलोमीटरच्या वर. हसनाळमधून 8 जणांना बाहेर काढले जाते. तिन्ही जिल्हाधिकारी आता एकमेकांच्या संपर्कात आहेत, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस सांगतात. त्याच निवेदनात आणखी एक आकडा असतो: 5 जण बेपत्ता.

त्यानंतर. शोध चालू राहतो. हसनाळमध्ये मृतदेह सापडतात, त्यांत बायकांचेही. जनावरेही दगावलेली असतात. पुनर्वसनाची मागणी पुन्हा होते, तीच, त्याच शब्दांत. फक्त आता ती ऐकायला मंत्री गावात आलेले असतात.

शुक्रवार, 22 ऑगस्ट. पोळा.