वळचणीचा इतिहास



घराचा इतिहास सांगताना आपण बहुधा भिंतींपासून आरंभ करतो. किल्ले, गढ्या आणि वाडे यांची थोरवी भिंतींच्या जाडीवरून मोजण्याची आपली रीतच आहे. परंतु ज्या प्रदेशात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ८० इंच, आणि कित्येकदा त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो, तेथे घर टिकते ते केवळ भिंतींच्या बळावर नव्हे. भिंतींच्या पुढे आलेल्या छपरामुळे टिकते. या छपराच्या पुढे आलेल्या कडेखालच्या जागेला मराठीत वळचण असा नेमका शब्द आहे. या वळचणीची कथा आज आपल्यापुढे मांडावयाची आहे, आणि त्यासाठी दादरा व नगर हवेली हा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवला आहे.

हा मुलूख लहान, पण त्याचा इतिहास वळणावळणाचा आहे. १७७९ साली मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याला अनुसरून १७८३ साली नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, आणि १७८५ साली दादराही त्यांनी मिळविले. पुढे १९५४ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, २१ तारखेच्या रात्री स्वातंत्र्यसैनिक दादऱ्यात शिरले. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला, आणि २०२० च्या २६ जानेवारीपासून तो दमण व दीवशी जोडला गेला. इतके कारभार बदलले. परंतु नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाने आपली वाट बदलली नाही. म्हणून येथल्या घरांचा खरा कायदा पावसानेच लिहिला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

वारली, कोकणा, धोडिया या येथल्या जुन्या रहिवाशांची परंपरेने चालत आलेली घरे पाहा. कारवीच्या काठ्यांचा किंवा बांबूचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप, आणि वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर. मातीचा कूड उन्हाळ्यात गारवा देतो, पण पाण्यापुढे तो असहाय असतो. म्हणून छप्पर इतके खाली ओढलेले असते की पाहुण्याला वाकूनच आत जावे लागते. पागोळ्या कुडापासून दूर पडतात आणि कुडाचा पाया कोरडा राहतो. याच घरांतील आतल्या भिंतीवर लग्नप्रसंगी सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ती चित्रे जगाला ठाऊक झाली. परंतु ज्या भिंतीवर ती उमटली तिला पावसापासून राखणाऱ्या वळचणीचे नाव मात्र कोणी घेत नाही.

१८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारी चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. गवताच्या जागी कौल आले तरी वळचण गेली नाही. कोकणातील पडवी, देशावरील ओसरी आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांपुढचा बाल्कांव ही सारी तिचीच भावंडे. धर्म निराळे, भाषा निराळ्या. पण आल्यागेल्याला घराबाहेर असतानाच सावली द्यावी, ही रीत सर्वांची एकच.

आता दृष्टी थोडी दूर नेऊ. अमेरिकेतील शिकागो शहरी १९१० साली फ्रँक लॉइड राइट या स्थापत्यकाराने रोबी नावाच्या गृहस्थाचे घर पुरे केले. पोलादी तुळयांच्या आधारे त्याचे छप्पर शेवटच्या टेकूपलीकडे सुमारे २० फूट अधांतरी पुढे आले आहे. राइटच्या घरांची कीर्ती पसरली ती केवळ घरांमुळे नव्हे, तर त्यांच्या चित्रांमुळेही. आणि त्यांतील कित्येक उत्तम चित्रे मॅरियन महोनी या विदुषीच्या हातची होती. जपानी चित्रांचा संस्कार झालेल्या तिच्या रेषांतून घर आणि झाडे एकरूप होत. हीच बाई पुढे भारतात येऊन पतीसमवेत लखनौस राहिली होती, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल.

आपल्या देशातही नव्या स्थापत्याने वळचणीला निराळी रूपे दिली. १९५६ साली ल कॉर्ब्युझिए याने अहमदाबादेत शोधन यांचे घर पुरे केले. त्यावर छत्रीसारखे वेगळेच छप्पर उभे आहे. मूळचे गोव्याच्या घराण्यातील चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कांचनजंगा ही उंच इमारत बांधली, ती १९८३ साली पुरी झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. पण तापलेले ऊन आणि पाऊसही तिकडूनच येतात. कोरियांनी जुन्या बंगल्याची ओसरीच दोन मजले उंच करून त्या इमारतीच्या कोपऱ्यांत बसविली.

चित्रकलेच्या वर्गात घराची छाया काढण्याचा एक ठराव आहे. प्रकाश डाव्या खांद्यावरून ४५ अंशांनी येतो असे धरावयाचे. म्हणजे छज्जा जितका पुढे, तितकीच त्याची छाया भिंतीवर खाली उतरते. चित्रासाठी हा ठराव सोयीचा आहे, परंतु सूर्य तो पाळत नाही. दादरा सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे दक्षिणेच्या भिंतीवर ३ फुटी छज्जाची छाया डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी जेमतेम ३ फूट उतरते आणि उबदार ऊन आत येऊ देते. मार्चच्या विषुवदिनी तीच छाया ८ फूट उतरते आणि अवघी खिडकी झाकते. पूर्व-पश्चिमेस मात्र सूर्य खाली असल्यामुळे नुसता छज्जा पुरत नाही. तेथे खोल ओसरीच हवी.

हे गणित आज सांगण्याचे कारण आहे. जुन्या कुडाच्या जागी सपाट स्लॅबची पक्की घरे येत आहेत. गरिबाला पक्के घर मिळावे, हे सर्वथा उचितच आहे. परंतु खर्च वाचविण्यासाठी प्रथम कात्री लागते ती छज्जाला; मग भिंती ओल धरतात, पावसात खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि उन्हाळ्यात खोली भट्टीसारखी तापते. उलट, श्रीमंताच्या बंगल्याचे संगणकावर काढलेले चित्र पाहावे, तर त्यात छप्पर पंखासारखे पसरलेले असते. पण त्याची छाया कोणत्या महिन्याची, कोणत्या प्रहराची, हे विचारणारा विरळा. एकाकडे गरज आहे पण छज्जा नाही. दुसऱ्याकडे छज्जा आहे, पण तो शोभेचा.

अधांतरी छज्जाचे शास्त्र अवघड नाही, पण ते नेमके पाळावे लागते. त्यातील मुख्य सळया वरच्या अंगाला असाव्या लागतात, कारण ताण वर येतो. त्या खाली घातल्या तर आधार निघताच छज्जा कोसळण्याचा धोका. खालच्या कडेला बारीक खाच ठेवली, तर पाणी उलटे भिंतीकडे सरपटत जात नाही. वाऱ्याने छप्पर उचलले जाऊ नये म्हणून ते खाली घट्ट बांधावे लागते.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपले वाडवडील म्हणत. घराच्या विद्येचे मात्र तसे नाही. ती कारवीच्या कुडापासून वर चढून थोर स्थापत्यकारांच्या कागदापर्यंत पोहोचली आहे. आता ती पुन्हा खाली, सामान्य माणसाच्या दोन खोल्यांच्या घरापर्यंत उतरली पाहिजे. नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने नकाशा हाती घेताच एवढेच विचारावे : जुलैच्या पावसात माझी भिंत कोरडी राहील काय, आणि वाटेने जाणारा अनोळखी माणूस माझ्या छपराखाली घटकाभर उभा राहू शकेल काय? या दोन प्रश्नांना होकार मिळाला, तर ते घर लहान असो वा मोठे, या मातीचे ठरेल.