दिवस गेल्याची खूण : काल आणि आज

आपल्या स्मरणिकेत पाककृती, विणकाम, सणवार यांवर पुष्कळ लिहून येते. परंतु ज्या गोष्टीमुळे घराचा वंश पुढे चालतो, तिच्याविषयी आपण आजही कुजबुजतच बोलतो. बाईला दिवस गेले हे पूर्वी कसे ओळखीत आणि आज कसे ओळखतात, याचा थोडा इतिहास मी येथे सांगणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण या विषयाचा पहिला धडा प्रत्येक बाई घरातच शिकते.

पाळी चुकली, फोडणीच्या वासाने मळमळू लागले, चिंच-कैरीवर मन गेले, छाती जड होऊन दुखू लागली, लघवीला वरचेवर जावे लागले, भर दुपारी डोळ्यांवर झापड आली, की घरातल्या जाणत्या बाया न विचारताच समजत. हे ज्ञान फार जुने आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात पाळी बंद होणे, तोंडाला पाणी सुटणे, अन्न नकोसे होणे, ओकारी, आंबटाची इच्छा, अंग जड होणे ही लक्षणे दिलेली आहेत. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते, म्हणून सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच कुळातला आहे.

या जुन्या ज्ञानाचा परिचय परदेशाला करून देण्यात एका मराठी स्त्रीचा वाटा आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा ध्यास घेतला. १८८६ साली अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला, तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले.

परंतु लक्षणे म्हणजे खात्री नव्हे. अशक्तपणाने पाळी चुकते आणि चाळिशी उलटल्यावरही चुकते. उलट, अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी सुरू होण्याआधीच दिवस जाऊ शकतात. म्हणून खात्रीचा शोध माणसाने फार पूर्वीच सुरू केला. सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये बाईची लघवी गहू आणि सातूवर शिंपडून दाणे उगवतात का ते पाहत. १९६३ साली शास्त्रज्ञांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा गरोदर बायांच्या बाबतीत शंभरात सुमारे सत्तर वेळा दाणे उगवले. गहू उगवला तर मुलगी आणि सातू उगवले तर मुलगा, ही त्यांची समजूत मात्र खोटी ठरली.

नवी वाट १९२० नंतरच्या दशकात बर्लिनमध्ये सापडली. आश्हाइम आणि झोंडेक या दोन डॉक्टरांनी गरोदर बाईची लघवी उंदराच्या पिलांना टोचली आणि काही दिवसांनी त्यांची बीजकोश-ग्रंथी तपासली. पुढे ससे आले, मग आफ्रिकेतले बेडूक आले. १९६० साली जनावरावाचून तपासणी करण्याची रीत स्वीडनमध्ये निघाली. आज आपल्या हाती असलेली दोन रेघांची पट्टी याच परंपरेतली आहे. गर्भ रुजल्यावर शरीरात तयार होणारा एक रस लघवीत उतरतो आणि पट्टी तोच ओळखते. २००५ साली आशा योजना सुरू झाली, आणि पुढे ‘निश्चय’ नावाची तपासणी पट्टी आशाताईंच्या पिशवीतून खेड्यापाड्यांत पोहोचली.

आपल्या सास्तूरला तर या खुणेचे मोल वेगळ्याच रीतीने कळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने या भागातली घरे ढिगारे केली. ज्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती अशा कितीतरी आयांची मुले त्या पहाटे गेली. भूकंपग्रस्त भागातल्या काही बायांनी नळ्या पुन्हा जोडून घेतल्या. गेलेले लेकरू परत येत नाही, हे त्यांना का ठाऊक नव्हते? तरीही महिन्यामागून महिने त्या या एका खुणेची वाट पाहत राहिल्या. मी तेव्हा लहान होते. त्या वाट पाहण्याचा अर्थ मला पुढे माझ्या लेकराच्या वेळी कळला.

आता मुख्य गोष्ट सांगते. तीन महिने कोणाला सांगू नये, दृष्ट लागते, अशी आपल्याकडे रीत आहे. तिच्यामागे कारणही असेल, कारण पुष्कळ गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच पडतात, आणि सांगून पडला तर बाईलाच बोल लागे. पण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा यांचा पाया पाळी चुकल्यानंतर दोनच आठवड्यांत घातला जातो. फॉलिक ॲसिडची गोळी तेव्हाच हवी असते. नावनोंदणीही बारा आठवड्यांच्या आत करायची असते. म्हणजे आपण ज्या दिवसांत लपवतो, तेच दिवस सर्वांत महत्त्वाचे. माझ्या नात्यातली एक सून ऊसतोडीच्या टोळीत गेली होती. लाजेने तिने कोणाला सांगितले नाही आणि मोळ्या डोक्यावर वाहत राहिली. अंगावरून जाऊ लागले तेव्हा नवऱ्याला कळले. लेकरू राहिले नाही. तिचा जीव वाचला एवढेच.

तेव्हा रीत मोडू नका, थोडी वळवा. गावभर सांगू नका. पण नवऱ्याला, सासूला आणि आशाताईला सांगा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आपले नऊ महिने नऊ दिवस आणि डॉक्टरांचे २८० दिवस जवळपास जुळतात, ते याच दिवसापासून मोजून. पाळी चुकली की सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. रेघ एकच आली तर आठवड्याने पुन्हा करा. एका बाजूला पोटात कळ आली, चक्कर आली किंवा रक्त गेले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आपल्या गावातच स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे.

आणि सासवांनो, सुनेला मळमळले तर नुसते हसू नका, तिला मायेने विचारा. आपल्या आज्यांना खुणा कळत होत्या, पण पुढे काय करावे याची साधने त्यांच्याजवळ नव्हती. आपल्याजवळ ती आहेत. हा लेख वाचून एका जरी सुनेने वेळेवर तोंड उघडले, तरी माझ्या लिहिण्याचे सार्थक झाले असे मी मानीन.